केलेलं पाप आणि लादलेली लाज: सोलापुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांच्या संमतीने लिहिलं आहे. मजकूर त्यांनी स्वतः वाचला, त्यातली काही वाक्यं काढायला लावली, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. त्यांना इथे नुसतं ताई म्हणते. मी सोलापुरातल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेबांच्या (धर्मगुरूंच्या) बरोबरीने समुपदेशनाचं काम पाहते. उपदेश ऐकून, प्रार्थना करून, उपास धरूनही ज्यांच्या मनावरचं ओझं हलत नाही अशी माणसं माझ्याकडे येतात. अपराधीपणा आणि लाज यांची गल्लत ताईंच्या आयुष्यात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचित दिसते, म्हणून हे सविस्तर मांडते आहे. आपण दोन्हींवर एकच औषध देतो: पश्चात्ताप कर, प्रभू क्षमा करील. पण ज्यात आपलं पापच नाही त्याचा पश्चात्ताप माणूस करणार कसा? आणि वर्षानुवर्षं करत राहिला तरी क्षमा मिळाली असं त्याला वाटणार कसं?

पार्श्वभूमी

ताई पन्नाशी ओलांडलेल्या आहेत. घराणं मिशनच्या काळापासूनचं ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ साली मुंबईत सुरू झालं, १८३१ मध्ये अहमदनगरला पोचलं आणि पुढे सोलापूरकडे आलं. ताईंचे पणजोबा याच मिशनच्या शाळेत शिकले. बालपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण (मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी), संडे स्कूल, नाताळच्या नाटिका, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली कितीतरी गीतं तोंडपाठ. अशा घरात चार पिढ्यांचं नाव असतं आणि ते सांभाळायची जबाबदारी मुलींवर असते.

विसाव्या वर्षी लग्न झालं. दोन वर्षांच्या आत नवऱ्याने पुण्यात दुसरं घर केलं आणि ताई माहेरी परत आल्या. मूलबाळ नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्या शिवणीला लागल्या. विणून आलेल्या टॉवेलच्या कडा दुमडायच्या आणि टीप मारायची, दिवसभर. मंडळीत त्यांना उघडपणे कुणी काही बोललं नाही. फक्त लग्नघरी हळद लावायची वेळ आली की कुणीतरी जवळ येऊन म्हणायचं, "तू जरा आत चहाचं बघ." ख्रिस्ती घरांतही हळद लागते, आणि ती सवाष्णींनीच लावायची हा रिवाजही आपण बाप्तिस्म्याच्या पाण्यातून कोरडाच बाहेर आणला आहे. ताईंनी अशा किती लग्नांत चहा केला याची गणती नाही.

दुसरी गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. गल्लीत पंधरा बायकांचा बचत गट होता, ताई त्याच्या सचिव. कोषाध्यक्ष एक तेलुगूभाषक बाई, वयाने थोड्या मोठ्या, विड्या वळणाऱ्या. सगळ्या त्यांना अक्का म्हणायच्या. बँकेत भरायचे १२,००० रुपये अक्कांनी ताईंच्या हाती दिले. सही-बिही काही झाली नाही. एका गल्लीत राहणाऱ्यांत सही कोण मागतं? त्याच रात्री ताईंच्या आईला खासगी दवाखान्यात हलवावं लागलं आणि आधी अनामत भरा असं सांगितलं गेलं. ताईंनी ते पैसे भरले. पगार झाला की गुपचूप परत टाकू, असा विचार होता. पंधराव्या दिवशी आई गेली आणि आलेला पगार मातीला आणि माणसांना गेला. महिन्याच्या बैठकीत पासबुकात नोंद नाही हे निघालं. अक्का म्हणाल्या, पैसे मी हिच्याकडे दिलेत. त्यावर ताईंनी एकच वाक्य उच्चारलं: "अक्का, माझ्याजवळ कुठं दिलीस तू?"

शिकलेली, चर्चला जाणारी, गटाची सचिव बाई खोटं कशाला बोलेल? बायकांनी ताईंवर विश्वास ठेवला. अक्कांनी विड्यांच्या मजुरीतून वर्षभर हप्त्याहप्त्याने ते १२,००० फेडले, गट सोडला, पुढे गल्लीही सोडली.

ताई आल्या तेव्हा

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी उपदेश संपला की ताई चपला घालून निघायच्या. कुणी विचारलं तर कारखान्यात जादा पाळी आहे म्हणायच्या. रविवारी कारखान्याला सुट्टी असते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तेवढं लक्ष कुणी दिलं नव्हतं. पाळकीणबाईंनी दिलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून ताई माझ्याकडे आल्या.

झोप जवळजवळ गेलेली होती. जेवण एकदा, तेही उभ्याउभ्या. शास्त्र, म्हणजे बायबल, काढण्याआधी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. नैराश्याचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण 'विश्वास असेल तर गोळ्या कशाला' असं म्हणणारी माणसं प्रत्येक मंडळीत भेटतात. देव प्रार्थनेतून बरं करतो तसा डॉक्टरांच्या हातूनही करतो, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर थांबायचं नसतंच; सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

ताईंच्या बोलण्यात सगळं एकाला एक चिकटलेलं होतं. नवरा गेला कारण माझ्यातच काहीतरी वाईट होतं. वाईट होते म्हणूनच चोरी केली. चोरीचे पैसे आईच्या औषधाला लागले म्हणून देवाने आईला नेलं. आणि इतकं असून भाकर-द्राक्षारसाला हात लावला तर दंड ओढवेल. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातलं 'अयोग्य प्रकारे' खाण्यापिण्याविषयीचं वचन त्यांना पाठ होतं, आणि ते त्यांच्या डोक्यात पहाऱ्यासारखं उभं असायचं.

तो अध्याय आम्ही दोघींनी मिळून सुरुवातीपासून वाचला. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कुणावर चिडला आहे? करिंथातल्या ज्यांच्याकडे भरपूर होतं ते आपलं जेवण आधीच उरकून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. मंडळीला तुच्छ मानता, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता, असं तो त्यांना सुनावतो. म्हणजे ज्या वचनाने ताईंना मेजापासून दूर ठेवलं होतं ते मुळात दुसऱ्यांना लाजवणाऱ्यांवर लिहिलेलं आहे. पण ताईंनी अक्कांना लाजवलं होतं, त्यामुळे ते वचन त्यांना लागू होतंच, फक्त त्यांना वाटत होतं त्या कारणाने नाही. हे ऐकल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

वही

पुढच्या भेटीत एक साधी शंभर पानी वही घेतली. डाव्या पानावर 'मी केलं', उजव्या पानावर 'माझ्या वाट्याला आलं'. ताईंनी सगळं डाव्या पानावर लिहून आणलं. उजवं पान कोरं.

डावीकडच्या यादीत १२,००० रुपये होते, अक्कांचं नाव होतं, बैठकीतलं ते वाक्य जसंच्या तसं होतं. त्याच यादीत 'नवऱ्याला सांभाळता आलं नाही', 'मूल झालं नाही', 'बाबांची मान खाली गेली', 'आई गेली' हेही त्याच अक्षरात, त्याच शाईत. ती यादी बघताना मला जे जाणवलं ते असं की खरं पाप खोट्या पापांच्या गर्दीत लपून बसलं होतं. माणूस स्वतःला सगळ्याच बाबतीत दोषी म्हणायला लागला की जिथे तो खरोखर दोषी आहे तिथे नेमकं बोट ठेवायची वेळ टळते. ताई दर रविवारी सार्वजनिक पापांगीकाराच्या प्रार्थनेत रडायच्या. विचारांनी, शब्दांनी, कृतींनी केलेल्या पापांबद्दल क्षमा मागायच्या. अक्कांचं नाव मात्र त्या प्रार्थनेत अकरा वर्षांत एकदाही आलं नव्हतं.

मग मार्कचं शुभवर्तमान काढलं. दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला येशू म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. लूकच्या सातव्या अध्यायात पापी म्हणून गावभर झालेल्या बाईलाही तो हेच म्हणतो. मार्कच्या पाचव्या अध्यायात मात्र बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई येते. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे ती अशुद्ध, ती बसेल ती जागा अशुद्ध, तिला शिवणारा अशुद्ध. तिला येशू पापांच्या क्षमेबद्दल एक अक्षरही बोलत नाही, कारण क्षमा करायला तिथे काही नव्हतंच. तो तिला 'मुली' म्हणतो. बरी तर ती वस्त्राला हात लावताच झाली होती, गुपचूप निघून जाऊ शकली असती. तिकडे ज्याच्या घरी येशू निघाला आहे त्या याईराची लेक शेवटच्या घटका मोजते आहे, शिष्य कावलेले आहेत, तरी तो गर्दीत थांबतो, मला कोण शिवलं म्हणून विचारतो आणि तिला सगळ्यांसमोर बोलतं करतो. लोकांसमोर जी बाहेर टाकली गेली तिला लोकांसमोरच आत घ्यायचं होतं.

येशू पापाला क्षमा देतो आणि लाजेला जागा देतो. या दोन गोष्टी तो एकमेकींत मिसळत नाही. आम्ही मात्र ताईंना नवऱ्याच्या बेइमानीचा पश्चात्ताप करायला शिकवलं होतं, चहाच्या भांड्यापाशी उभं करून.

'नवऱ्याला सांभाळता आलं नाही' ही नोंद ताईंनी स्वतःच खोडली आणि उजव्या पानावर लिहिली, 'नवऱ्याने सोडलं'. मूल, बाबा या नोंदीही हळूहळू तिकडे गेल्या. आईची नोंद अडली. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि आईबापांनीही नाही. ताईंनी ते वाचलं, मान डोलावली, आणि तरी 'आई गेली' हे डावीकडेच ठेवलं. मी घाई केली नाही. डाव्या पानावर शेवटी तीन गोष्टी उरल्या: पैसे, खोटं वाक्य आणि आई. पहिल्या दोन खऱ्या होत्या.

चौपट की पाचवा हिस्सा

आपली पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, हे योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन. ताईंनी पाळकसाहेबांसमोर बसून नाव, रक्कम, दिवस, वाक्य सगळं सांगितलं. याकोबाच्या पत्रात आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा असं आहे, पण आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत याची सवय मोडली आहे. आपण थेट देवाशी बोलतो म्हणतो आणि पुष्कळदा कुणाशीच बोलत नाही. पाळकसाहेबांनी त्यांना येशूच्या नावाने क्षमेची घोषणा मोठ्याने ऐकवली.

लगेच दुसऱ्या आठवड्यात ताई म्हणाल्या, बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत करायचं ठरवलं, मी ४८,००० देणार, गळ्यातली चेन मोडते. ऐकायला फार चांगलं वाटतं. पाळकसाहेबांनी त्यांना लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला क्रम दाखवला. आधी येशू उंबराच्या झाडाखाली थांबला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणाला, आणि मग जक्कयाच्या तोंडून चौपटीची भाषा निघाली. जक्कयाने चौपट भरून येशूला घरात आणलं नव्हतं. ताई मात्र चेन मोडून क्षमा विकत घ्यायला निघाल्या होत्या. मनातली लाज त्यांना पुन्हा शिक्षा मागत होती. नियमशास्त्रात, लेवीयाच्या सहाव्या अध्यायात, फसवून घेतलेली वस्तू पुरती परत करून वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलं आहे. १२,००० आणि त्यावर २,४००. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, एवढंच. याच्या वर एक रुपया द्याल तर तो अक्कांसाठी नसेल."

हा मला या सबंध प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा सल्ला वाटतो. भरपाईला माप असतं. स्वतःला छळायला माप नसतं.

कुंभारीला

अक्का आता कुंभारीला, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतात. ताईंबरोबर मी गेले, मात्र मी मधे बोलायचं नाही असं आधीच ठरलं होतं. अक्का दारातच बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखूची रास. ताईंना बघून त्यांनी 'या' म्हटलं नाही, 'जा' म्हटलं नाही. पानात तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. हात एकदाही थांबले नाहीत. ताई उंबऱ्याखाली बसल्या आणि बोलल्या. आईचा आजार, अनामत वगैरे त्यांनी काही सांगितलं नाही. ते आम्ही आधीच गाळलं होतं, कारण कबुलीत कारणं घातली की ती कबुली राहत नाही.

"पैसे तू दिलेले, अक्का. माझ्या हातात दिलेले. मी खर्च केले आणि सगळ्यांदेखत खोटं बोलले. तू चोर नव्हतीस, मी होते."

अक्कांनी हातातली विडी पुरी केली, सुपात टाकली आणि पाकीट घेतलं. पैसे मोजले. १२,००० बाजूला काढून वरचे २,४०० परत सरकवले. "मी सावकार नाही," म्हणाल्या. मग पहिल्यांदा ताईंकडे नीट बघून, "माझी पोरगी त्या वर्षी शाळेतून काढली मी. ते काय परत करतीस? बायकांपुढं बोललीस ना तेव्हा? आता बायकांपुढंच बोल."

क्षमा केली असं अक्का म्हणाल्या नाहीत, आणि ताईंनी मागितलीही नाही. मागितली असती तर आणखी एक ओझं अक्कांच्या डोक्यावर ठेवल्यासारखं झालं असतं.

गट आता निम्माच उरला आहे. ताईंनी जुन्या-नव्या मिळून दहाबारा बायकांना एका घरी बोलावलं. अक्का आल्या आणि दाराशी बसल्या. ताई उभ्या राहून सगळं बोलल्या. एक बाई उठून निघून गेली, दुसरी फाडकन बोलली की तुमच्या चर्चमध्ये हेच शिकवतात का. ताई म्हणाल्या, "चर्चमध्ये शिकवलं ते मी केलं नाही. आता करतीय." दोघी जणी अक्कांच्या पाया पडल्या, कारण त्या वर्षी त्यांनीच सर्वांत जास्त आवाज केला होता. अक्का चहा न घेता गेल्या.

मला विचाराल तर ताईंची मोकळीक इथे दिसली. त्या संध्याकाळी गल्लीतली त्यांची पत गेली. जी लाज टाळण्यासाठी अकरा वर्षांपूर्वी खोटं बोलल्या होत्या तीच लाज समोर उभी राहिली, आणि त्या पळाल्या नाहीत. ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वचन आपण सांत्वनासाठी वापरतो. पण दंडाज्ञा नाही याची खात्री असलेला माणूसच खरं बोलण्याचं धाडस करतो. येशूला ओळखत नाही म्हणणारा पेत्र आणि पैशासाठी त्याला धरून देणारा यहूदा, हे दोन शिष्य एकाच रात्री चुकले, दोघांनाही पस्तावा झाला. यहूदा पैसे परत टाकून एकटाच निघून गेला. पेत्र इतर शिष्यांत राहिला, आणि समुद्रकाठच्या विस्तवापाशी येशूने त्याला तीनदा विचारेपर्यंत तो तिथे होता.

मंडळीचा वाटा

ताई आता प्रभुभोजन घेतात. झोप सुधारली आहे, गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी होत आहेत. काही रात्री अजून वाईट जातात, आणि वहीतली 'आई' ही नोंद अजून डाव्या पानावरच आहे; तिच्यावर आमचं बोलणं चालू आहे. उरलेले २,४०० अक्कांच्या नातीच्या वह्यापुस्तकांसाठी चालतील का, असं ताईंनी निरोपाने विचारलं होतं. उत्तर आलेलं नाही.

पण हे प्रकरण ताईंपाशी संपत नाही. उजव्या पानावरच्या नोंदींचं काय? त्या ताईंनी कबूल करायच्या नव्हत्या, त्या मंडळीने करायच्या होत्या. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आपल्या साक्षीत लिहिलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायला आणखी वर्षं गेली. तो मिळाल्यावर त्यांनी केडगावला मुक्ती सदन वाढवलं आणि समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन काढलं. ज्या मराठी ख्रिस्ती समाजाला असा वारसा आहे त्याच्या लग्नघरात टाकलेल्या बाईला हळदीच्या ताटापासून लांब ठेवतात, हे मला सहन होत नाही, आणि ते मी महिला मंडळात उभी राहून बोलले.

पाळकसाहेबांनी मार्कच्या पाचव्या अध्यायावर उपदेश केला आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्या वतीने अशा सगळ्या बहिणींची जाहीर क्षमा मागितली. ताईंचं नाव घेतलं नाही. त्यानंतरच्या एका लग्नात वधूच्या आईने ताईंचा हात धरून त्यांना ताटापाशी आणलं. ताईंनी नवरीच्या गालाला हळद लावली. हात थरथरत होता, थोडी हळद साडीवर सांडली, आणि नवरीनेच ती पुसली. विधवा, सोडलेल्या, लग्न न झालेल्या अशा सगळ्या बायका हळद लावतील असं महिला मंडळाने ठरवलं आहे. बहुतेक घरांनी मानलं. दोन घरांनी अपशकुनाचं कारण देऊन नकार दिला आहे. त्यांच्याकडे मी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी ताईही बरोबर येते म्हणाल्या आहेत.